न घडलेल्या अपघाताचं पुण्य

संकल्पात फळ सांगावं लागतं. देश, काल, गोत्र, नाव आणि मग हे सगळं कशासाठी. नव्या गाडीच्या पूजेला शोरूममध्ये उभी राहिले की या 'कशासाठी'पाशी यजमान हमखास अडखळतात. वास्तुशांत असली तर सुखसमृद्धी, उदकशांत असली तर घरातल्यांचं आरोग्य, हे लोकांना तोंडपाठ असतं. गाडीसाठी काय मागायचं? कुणीतरी हळूच म्हणतं, "ताई, गाडीला काही होऊ नये, बस." क्वचित एखादी आजी किंवा एखादी शाळकरी मुलगी पुढे म्हणते, "आणि गाडीमुळे कुणाला काही होऊ नये." हे दुसरं वाक्य ज्या घरातून ऐकलं त्या घरी मी पुढच्या कार्याला दक्षिणेचा आकडा न विचारता जाते.

पुण्यात बाईनं पौरोहित्य करणं आता नवलाचं राहिलेलं नाही. शंकर सेवा समिती आणि ज्ञानप्रबोधिनी यांनी ती वाट केव्हाच मळून ठेवली आहे. मी शाळेत संस्कृत शिकवत होते, निवृत्त झाल्यावर याकडे वळले. वॅगन आरच्या डिकीत पाट, ताम्हन, समिधांची जुडी आणि दर्भ कायम असतात. घरून निघायचं, सिंहगड रोडवरच्या गर्दीत तिष्ठायचं, कोथरूडला पूजा, तिथून धायरीला दुसरी पूजा, मग परत. दसऱ्याच्या आधी आणि पाडव्याला शोरूमवाल्यांची बोलावणी येतात. तिथलं चित्र ठरलेलं असतं. गाडीवर लाल कापड, कापडावर भली मोठी फीत, एका टेबलावर केक, चार चाकांखाली चार लिंबं. विक्रेता मुलगा घड्याळाकडे बघत असतो, कारण पुढचं गिऱ्हाईक येऊन बसलेलं असतं. बोनेटवर स्वस्तिक, झेंडूचा हार, समोर नारळ, मग गाडी पुढे जाते आणि लिंबं फुटतात. टाळ्या. मला त्या लिंबांचा राग नाही. पण "काही होऊ नये" हे मागणं चार लिंबांत संपत नाही. आपल्या शास्त्रकारांनी ज्यावर शतकानुशतकं डोकं खाजवलं, असा तो प्रश्न आहे.

कर्मं तीन प्रकारची, हे आमच्या पौरोहित्याच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात. पुत्र हवा, पाऊस हवा, स्वर्ग हवा म्हणून करायचं ते काम्य. ग्रहण, जन्म, मृत्यू अशा निमित्तानं येतं ते नैमित्तिक. आणि संध्या, अग्निहोत्र यांसारखं रोजच्या रोज किंवा ठरल्या वेळी करायचं ते नित्य. काम्य कर्म केलं नाही तर फळ मिळत नाही, एवढंच. नित्याचं गणित उलटं आहे. केलं तर वेगळं काही पदरात पडत नाही आणि न केलं तर दोष लागतो. त्या दोषाला प्रत्यवाय म्हणतात. नवी गाडी घेणं काम्य, तिची पूजा नैमित्तिक, आणि दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलणं हे मला माहीत असलेलं सगळ्यात शुद्ध नित्यकर्म. गॅरेजमधून गाडी घेऊन निघालात की ती कालच्यासारखीच चालते. पैसे जातात, दुपार जाते, आणि दाखवायला काही नसतं. शेजारी "अरे वा, ब्रेक ऑइल बदललंत!" म्हणून पेढे मागायला येत नाहीत.

मग करायचं कशाला? याचं उत्तर मीमांसकांत एक नाही. कुमारिल भट्टांच्या परंपरेला वाटतं की नुसती आज्ञा आहे म्हणून माणूस हलत नाही, काहीतरी प्रयोजन लागतंच. म्हणून ते म्हणतात, नित्यकर्मानं प्रत्यवाय टळतो आणि आधी साठलेलं दुरित झिजतं. प्रभाकरांना हा हिशेबीपणाच पसंत नाही. वेदानं सांगितलं, ते कर्तव्य ठरलं, आणि कर्तव्य पार पडणं हेच त्याचं प्रयोजन. आमच्या घरी हे दोन्ही पक्ष नांदतात. नवरा बँकेतून निवृत्त झालेला, पक्का भाट्ट. अलाइनमेंटची पावती हातात आली की विचारणार, "याचा नेमका फायदा काय?" टायर एका कडेला कमी झिजतात, गाडी ओढत नाही, हे ऐकूनच पाकीट उघडणार. आमचा मेकॅनिक मात्र अस्सल प्राभाकर. "ताई, पुस्तकात लिहिलंय ना? मग बदलायचं. त्यात विचार कसला करायचा?" त्यानं प्रभाकराचं नावही ऐकलेलं नाही, आणि ऐकलं असतं तरी हातातला पाना खाली ठेवला नसता.

तिसरा पक्ष शंकराचार्यांचा, आणि माझं मन गुंततं ते तिथे. गीतेवरच्या आणि तैत्तिरीय उपनिषदावरच्या भाष्यात ते या प्रत्यवायालाच हात घालतात. त्यांचं म्हणणं असं: न करणं म्हणजे अभाव, आणि दोष, दुःख ही तर असलेली वस्तू. नसलेल्यातून असलेलं कसं उपजेल? संध्या न करणं हे पापाचं कारण होऊच शकत नाही. फार तर ती खूण आहे. माणसाच्या गाठी आधीच जे साठलेलं आहे, ते या न करण्यातून बाहेर दिसतं.

वर्गात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती वकिली चलाखी वाटली होती. गॅरेजमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून विचार केल्यावर मात्र आचार्यांचं बरोबर वाटू लागलं. आपण म्हणतो, "ऑइल बदललं नाही म्हणून इंजिन गेलं." खरं तर न बदलण्यानं काहीच केलेलं नसतं. इंजिन खराब करतं ते चालणं. प्रत्येक फेरीत थोडी काजळी, थोडं न जळलेलं इंधन, धातूचा कीस आणि पाण्याची वाफ तेलात उतरते. माझ्यासारख्यांच्या गाडीत तर जास्तच. अंतरं तोकडी, इंजिन पुरतं तापायच्या आत पूजेचं घर येतं, त्यामुळे आत जमलेलं पाणी उडून जात नाही. लोकांना वाटतं, आपली गाडी फारशी चालत नाही, म्हणजे ती जपली जाते. कंपन्यांच्या पुस्तिकांत मात्र अशा आखूड फेऱ्या आणि गर्दीतलं रांगणं 'कठीण वापर' या सदरात येतं. उभ्या गाडीचंही तेल म्हातारं होतं. 'किंवा एक वर्ष' ही अट म्हणून असते. तिचा ग्राहकांना लुटण्याशी संबंध नाही.

ब्रेक ऑइलची गोष्ट याहून बोलकी. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, हा त्याचा स्वभावच आहे. कोरं डॉट ३ जातीचं तेल किमान २०५ अंशांना उकळतं. पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत येऊ शकते. कर्वे रोडवर कुणाला फरक जाणवणार नाही. ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरताना, गाडी माणसांनी भरलेली आणि पाय सतत ब्रेकवर, तेव्हा ब्रेक तापतात, त्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाखालचं पॅडल पोकळ लागतं. साधारण दोन वर्षांनी ते तेल बदलायचं असतं, बहुतेकांनी कधीच बदललेलं नसतं. त्यात इंधन वाचवायला घाटात गाडी न्यूट्रलला टाकणारे काका आहेतच. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या उतारावर गिअरमध्ये असल्या की इंजिनाला इंधन पुरवणंच थांबवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. म्हणजे काका पेट्रोलही घालवतात आणि गिअरचा आधारही. पण काकांना सांगायला जाऊ नये, ते १९८४ पासून गाडी चालवत असतात.

तेव्हा कारणाच्या बाबतीत मी आचार्यांच्या बाजूची आहे. दोष न करण्यातून येत नाही, आपण जे बिनधास्त करत असतो त्यातून येतो. आणि एवढं मान्य केलं की उपायाच्या बाबतीत कुमारिलांकडे जावंच लागतं, कारण साठलेलं झिजवणं याखेरीज दुसरा मार्ग नाही. रोजच्या संकल्पात आम्ही हेच म्हणतो की माझ्याकडून साठलेल्या दुरिताचा क्षय व्हावा. यजमानांना वाटतं, ही गेल्या जन्मीच्या कुठल्यातरी पापांची भाषा आहे. मला आता ते वाक्य म्हणताना डिपस्टिकवरचं काळं तेल दिसतं. कुणी हेतूनं काळं केलेलं नाही, गाडी वापरली म्हणून ते काळं झालं.

मनुस्मृतीतलं बरंच काही मला मान्य नाही, त्यावर वेगळं लिहावं लागेल. पण गृहस्थाच्या घरातल्या पाच हत्यास्थानांची कल्पना तिथे आहे आणि ती मला विलक्षण वाटते. चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याचं भांडं. जेवायचं तर चूल पेटणार, केर काढायचा तर मुंगी मरणार. कुणी दुष्ट असावं लागत नाही, नुसतं राहतं घर असलं की पुरे. त्या रोजच्या हिंसेसाठी रोजचे पाच महायज्ञ सांगितले, म्हणजे वाचणं, तर्पण, होम, बळी आणि अतिथीला अन्न. यात अपराधाची छाती बडवणं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आजचं झालं ते आज फेडा, उद्याचं उद्या. गाडी हे घरातलं सहावं हत्यास्थान आहे, असं मी प्रवचनात म्हटलं तर लोक हसतात. मी विनोद करत नसते. टनभर वजनाची वस्तू आपण शाळेसमोरून नेतो, आणि तिचं एकेक चाक रस्त्याला टेकतं ते जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. त्या चार तळहातांत हवा किती, रबरात खाच किती उरली, यावर समोरून पळत आलेलं पोर वाचणार की नाही हे ठरतं. खाच १.६ मिलिमीटरहून कमी झाली की टायर बाद, असं कायदाच सांगतो. टायरच्या खाचेत मधेमधे छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की वेळ संपली. बघायला वाकावं लागतं, एवढीच काय ती तपश्चर्या.

इथे एक अडचण येते आणि ती मला अजून सुटलेली नाही. दुरिताचा क्षय होतो म्हणजे ते जातं कुठे? माझ्या गाडीतून दर वेळी तीनेक लिटर काळं तेल निघतं. मेकॅनिक ते मागच्या पिंपात ओततो, पिंप भरलं की कुणीतरी येऊन विकत घेऊन जातं. कायद्यानं हे तेल घातक कचऱ्यात मोडतं, ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रियेवाल्याकडेच जायला हवं. नेणारा नेमका कोण, हे विचारलं की गॅरेजमध्ये सगळ्यांना अचानक काम आठवतं. आणि मेकॅनिकचे हात दिवसभर त्यातच. वापरलेल्या तेलाशी कातडीचा सततचा संबंध वाईट, हे त्याला ठाऊक आहे. मी हातमोजे नेऊन दिले, ते खिळ्यावर टांगलेले आहेत. "बारीक नट हाताला कळत नाही ताई, मोज्यातून."

आमच्या धंद्यात याला नाव आहे, प्रतिग्रह. दान घेणाऱ्याकडे देणाऱ्याचा दोष जातो, म्हणून काही दानं घेऊ नयेत, घेतली तर जप करावा, असं जुने भिक्षुक मानत. लोखंड, तीळ, तेल ही तर शनीची दानं, ती घ्यायला सहसा कुणी पुढे यायचं नाही. आता मी कितीही शुचिर्भूत होऊन सोवळं नेसले, तरी माझ्या वाहनाचं तेल-लोखंडाचं दान वर्षातून एकदा हा माणूस घेतो, वर त्यावर जीएसटीची पावती देतो. माझ्यात आणि त्याच्यात पुरोहित कोण, हा प्रश्न मला गमतीनं पडत नाही.

असं असूनही गॅरेजच्या भिंतीवर 'कर्म हीच पूजा' लिहिलेलं दिसलं की माझ्या कपाळाला आठी पडते. हे वाक्य मी बहुधा दोन्ही टाळणाऱ्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. पूजा म्हणजे पूजा आणि ऑइल बदलणं म्हणजे ऑइल बदलणं. एकाला दुसऱ्याचं नाव दिलं की दोन्हींत सूट मिळते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली दिलेल्या गीताप्रवचनांत विनोबांनी याची फार नेमकी उकल केली आहे. बाहेरचं कर्म आणि त्याला आतून जोडलेली चित्ताची क्रिया, तिला ते विकर्म म्हणतात, ही दोन एकत्र आली की कर्माचा भार उतरतो. नुसत्या हातांनी केलेली पूजा कोरडी, आणि नुसत्या हातांनी केलेलं सर्व्हिसिंगही कोरडंच. साने गुरुजींनी ती प्रवचनं उतरवून घेतली नसती तर आपण किती मोठ्या गोष्टीला मुकलो असतो, हे जाता जाता.

पूर्वी पूजा आणि निगा वेगळ्या नव्हत्या, असं मला वाटतं. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, तिकडे आषाढात बेंदूर असतो, इतरत्र पोळा. सणाच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे गरम पाण्यानं शेकतात, हळद आणि तूप लावून मळतात. शिंगं रंगवणं, झूल घालणं, ओवाळणं हे सगळं नंतर. हात पहिल्यांदा लागतो तो जू जिथे घासतं तिथे, वर्षभराची जखम जिथे आहे तिथे. खंडेनवमीलाही शस्त्रं नुसती मांडत नसत. चार महिने पावसाळ्यात पडून गंजलेली शस्त्रं घासूनपुसून, तेल देऊन मगच पुजायची, कारण दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचं असे. गाडीच्या बाबतीत दोन वाटा झाल्या. निगा वर्कशॉपच्या काचेपलीकडे गेली, तिथे ग्राहकांना प्रवेश नाही. पूजा बोनेटवर येऊन थांबली. आणि बोनेट ही गाडीची अशी जागा आहे की जिथे काहीच झिजत नाही.

म्हणून मी वाहनपूजेत एक भर घातली आहे. आरती झाली की यजमानांना बोनेट उघडायला सांगते. निम्म्यांना त्याची कळ कुठे आहे हे ठाऊक नसतं, विक्रेता मुलगा धावत येतो. मग डिपस्टिक बाहेर काढायची, पुसायची, परत घालायची, पुन्हा काढून दोन खुणांच्या मधे तेल आहे का ते पाहायचं. कूलंटच्या टाकीवरची रेघ पाहायची, आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही हे घरातल्या सगळ्यांनी ऐकायचं. चारही टायरना आणि स्टेपनीला हात लावायचा. स्टेपनीला हळदकुंकू लावणारी मी पुण्यातली एकटीच असेन. टायरच्या कडेवरचे चार आकडेही मोठ्यानं वाचायला लावते. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा, टायरची ती जन्मतिथी. मुलांना हे फार आवडतं.

एकदा एका घरचे आजोबा काठी टेकत पुढे आले आणि त्यांनी विचारलं, "हे कुठल्या पोथीत आहे?"

मी म्हटलं, "आजोबा, खांदेमळणी कुठल्या पोथीत आहे?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "ती पोथीत नसते. बैलाच्या खांद्यावर लिहिलेली असते." मग नातवाला म्हणाले, "दाखव रे त्या बाईंना काय बघायचंय ते."

पोथीचा आधार मागितलाच, तर तोही देता येतो. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात दोन चर्चा आहेत, प्रत्येक वाहनधारकानं त्या कुणाकडून तरी समजून घ्याव्यात. पहिली अशी की काम्य कर्म सांगोपांगच व्हायला हवं, एक अंग राहिलं तर फळ नाही. नित्यकर्म मात्र जमेल तसं केलं तरी चालतं, एखादं अंग राहिलं तरी कर्म वाया जात नाही. माणूस मुख्य कर्म सोडून देईल त्यापेक्षा हे बरं. आपण नेमकं उलटं वागतो. गाडी घेताना तडजोड, रंग नाही मिळाला तर दुसरा. देखभालीच्या बाबतीत मात्र सगळं एकदम, व्यवस्थित, सवडीनं करू म्हणून काहीच नाही. सवड आली की सर्व्हिसिंग करू, तोपर्यंत हवासुद्धा बघायची नाही! महिन्यातून एकदोनदा पेट्रोल पंपावर, गाडी फार तापलेली नसताना, पाच मिनिटं थांबून हवा बघता येते. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पंपावरच्या पोऱ्याच्या अंदाजावर सोडायचं नसतं. पावसाळ्याआधी वायपरचं रबर बोटानं चाचपता येतं, उन्हाळ्यानं ते कडक झालेलं असतं. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी डोळ्यांना दिसते. सीएनजी असेल तर सिलिंडरच्या पट्टीवर तीन वर्षांनी होणाऱ्या चाचणीची तारीख वाचता येते. (आणि सीएनजीच्या गाडीला निरांजन लांबूनच, माझ्या पूजेत हा नियम आहे.) एवढं केलं आणि अलाइनमेंट राहिली, तर राहिली. नित्य आहे, चालतं.

दुसरी चर्चा प्रतिनिधीची. ठरलेलं द्रव्य मिळालं नाही तर त्याच्या जागी काय चालेल? व्रीही नसतील तर नीवार, सोम नसेल तर पूतीक. म्हणजे यज्ञातही पर्यायी पार्ट चालत होते, आणि ते मूळच्याशी जास्तीत जास्त मिळतेजुळते हवेत हेही सांगून ठेवलं होतं. फिल्टर कुठल्या कंपनीचा यावर रात्र जागवणाऱ्या माझ्या भाच्याला मी हे ऐकवते. पण काही गोष्टींना प्रतिनिधी नाही. देवता बदलून चालत नाही, मंत्र बदलून चालत नाही, आणि स्वामी, म्हणजे ज्याचा यज्ञ आहे तो यजमान, त्याच्या जागी दुसरा उभा करता येत नाही. आहुती टाकायला ऋत्विज आहेत, पण 'हे माझं नाही' असं म्हणून द्यायचं ते त्यानंच.

गाडीत या स्वामीचं काम काय? मला वाटतं, ऐकणं. पाना मेकॅनिकनं चालवावा, पण ब्रेक दाबल्यावर कालपर्यंत नसलेली किरकिर आज येते, हे त्यालाच कळणार जो रोज चालवतो. पुष्कळ गाड्यांत पॅड झिजत आले की एक पत्र्याची जीभ मुद्दाम घासून ओरडते, कुणीतरी ऐकावं म्हणूनच ती बसवलेली असते. आणि आपण गाणी मोठी करतो. वळणावर हँडल जड लागणं, सकाळी पार्किंगमध्ये जमिनीवर डाग दिसणं, पिकअप मंदावणं हे सगळं सर्व्हिसच्या दिवशी गाडी ताब्यात घेणाऱ्या मुलाला दिसत नाही. त्याच्या हातात यादी असते, आणि तुम्ही न सांगितलेली गोष्ट त्या यादीत नसते. मी गाडी देताना मागच्या महिन्यातलं जे जे वेगळं वाटलं ते कागदावर लिहून देते. नवरा त्याला माझा संकल्प म्हणतो.

देवाचं म्हणाल तर डॅशबोर्डवरच्या गणपतीबद्दल माझं यजमानांशी कायम भांडण होतं. डाव्या बाजूला, जिथे पॅसेंजरची एअरबॅग आहे, नेमक्या त्या झाकणावर पितळी मूर्ती चिकटवतात. एअरबॅग फुटली तर ती मूर्ती शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडावर येते, आणि हे ज्याच्या नावानं चिकटवलं त्याला विघ्नहर्ता म्हणतात. मी स्वतः मूर्ती उचलून यजमानांच्या हातात देते आणि ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवायला सांगते. काहींना वाईट वाटतं. एका बाईंनी विचारलं, "पण मग तो आपल्याला बघणार कसा?" या प्रश्नातली श्रद्धा खोटी नाही, म्हणून मी हसले नाही. मी एवढंच म्हटलं की त्याला बघायला काच लागत नाही, आपल्याला लागते, तेव्हा काच स्वच्छ ठेवा आणि वॉशरचं पाणी भरा.

'काही घडलं नाही' याबद्दल कृतज्ञता कशी बाळगायची, हे मात्र मला कुठल्याच पोथीत सापडलेलं नाही. अपघातातून वाचलेली माणसं सत्यनारायण घालतात, मी कित्येक घातले आहेत. पण वर्षानुवर्षं वेळच्या वेळी ब्रेक ऑइल बदलणाऱ्या आणि म्हणून घाटातून नुसतंच घरी आलेल्या माणसाला वाचल्याचं कळतच नाही. त्यानं कुठल्या प्रसंगाचे आभार मानायचे? त्याचं पुण्य कुणाच्या खाती, त्याच्या, मेकॅनिकच्या, की रस्ता ओलांडून सुखरूप गेलेल्या आणि हे कधीच न कळणाऱ्या त्या पोराच्या? प्रभाकर म्हणेल, खातंच कशाला उघडता. माझ्यातल्या भाट्टाला अजून एखादं छोटं खातं हवं असतं.

यंदा दसऱ्याला एका तरुणानं इलेक्ट्रिक गाडी घेतली. माझी ही सगळी प्रवचनं त्यानं त्याच्या बहिणीच्या गाडीच्या पूजेत ऐकलेली होती. मी बोनेट उघडायला सांगायच्या आतच तो म्हणाला, "ताई, हिच्यात ऑइलच नाही. म्हणजे दुरितही नाही, नित्यकर्मही नाही. मी सुटलो."

"ब्रेक ऑइल आहे," मी म्हटलं. "बॅटरी थंड ठेवणारं कूलंट आहे. गाडी जड आहे, टायर लवकर झिजतील. मोटरच गाडी थांबवते म्हणून ब्रेक कमी वापरले जातील, आणि न वापरलेले ब्रेक आपल्या पावसाळ्यात गंजतात. एक चूल तेवढी गेली, बाकीच्या चार जागा आहेत तिथेच आहेत. टायरमध्ये हवा किती लागते?"

त्याला माहीत नव्हतं. त्यानं खिशातून फोन काढला, तेवढ्यात त्याच्या आईनं ड्रायव्हरचं दार उघडलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि चौकटीवरचा स्टिकर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.